उद्याचा भाव आज कळेल का? वर्गणी काढण्याआधी हे वाचा

पत्र : माझा पुतण्या एम.एस्सी. फिजिक्स झाला आहे. दोन वर्षं झाली, नोकरी नाही. दिवसा वावरात मदत करतो, रात्री वाचत बसतो. त्याचं म्हणणं असं, की प्रकाशाच्या जुळ्या कणांचा एक प्रयोग आहे आणि त्यात नंतर केलेली निवड आधीच्या नोंदीवर दिसू शकते, म्हणजे काळात उलटा निरोप पाठवता येऊ शकतो. सामान अठरा लाखांचं आहे. गावात सभा झाली. कापसाचे चुकारे नुकतेच हाती आले होते, लोकांनी मिळून दोन लाख चाळीस हजार देतो म्हटलं. काही जण तर म्हणतात, मशीन चाललं तर उद्याचा कापसाचा भाव आज कळेल. मला पोराला खोटं पाडायचं नाही आणि गावाला बुडवायचंही नाही. सरकारचा पैसा अशा कामाला मिळतो का? वर्गणी घ्यावी का?
— एक कास्तकार, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

भाऊ,

पुतण्याचा प्रश्न वेडगळ नाही, हे आधी सांगतो. याच प्रश्नावर एका नावाजलेल्या प्राध्यापकाने लोकवर्गणीतून प्रयोग केला आहे. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉन क्रेमर. पुंजभौतिकीचा (क्वांटम फिजिक्सचा) अर्थ लावण्याची स्वतःची एक पद्धत त्यांनी १९८६ साली मांडली होती. उलट्या निरोपाच्या प्रयोगाला नेहमीच्या सरकारी दारांतून पैसा मिळेना. २००७ मध्ये तशी बातमी छापून आली आणि अनोळखी लोकांनी हजारो डॉलर पाठवले. प्रयोगशाळेत काही वर्षं खटपट चालली. शेवटी २०१४ मध्ये क्रेमर आणि निक हर्बर्ट यांनी गणित मांडून दाखवलं की निरोप जात नाही, आणि का जात नाही. देणगीदारांना उत्तर मिळालं, ते ‘नाही’ असं होतं.

ते ‘का’ पुतण्याला नक्की ठाऊक असेल, पण वर्गणी देणाऱ्यांनाही कळायला हवं. एका स्फटिकातून प्रकाशाचे दोन जुळे कण निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावीकडचे कण पडद्यावर कुठे पडले ते नोंदवलं. उजवीकडच्या कणाचं काय होणार ते नंतर ठरलं. किम, शिह, स्कली वगैरेंचा २००० साली छापून आलेला प्रयोग असाच होता, आणि त्यात ‘नंतर’ म्हणजे सुमारे आठ नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). उजवीकडची यादी हातात घेऊन डावीकडच्या नोंदी निवडल्या की काळे-पांढरे पट्टे दिसतात. इथेच माणूस चकतो, कारण निवड नंतरची आणि पट्टे आधीच्या नोंदींत.

आता जिनिंगचा काटा आठवा. काट्यावरच्या पावत्यांचा एक गठ्ठा आणि कास्तकारांकडच्या पावत्यांचा दुसरा. दोन्ही जुळवले तरच कुणाचा कापूस किती ते कळतं. इथेही तसंच आहे. डावीकडच्या अर्ध्या नोंदी एका जातीचे पट्टे बनवतात. उरलेल्या अर्ध्या बरोबर उलटे पट्टे बनवतात, म्हणजे पहिल्यात जिथे काळं तिथे दुसऱ्यात पांढरं. दोन्ही मिसळले की सपाट राखाडी. वेगळे करायला उजवीकडची यादी लागते, आणि ती तारेने, फोनने किंवा पायी चालत, नेहमीच्याच वाटेने येते. म्हणून उद्याचा भाव आज कळणार नाही. हे वाक्य सभेत मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच पुढचं बोला.

मग काहीच करू नये का? करावं. सार्वजनिक पैशाने विचित्र प्रश्नाला हात घालू नये, असं आम्हाला वाटत नाही. प्रश्न मात्र असा लिहिलेला हवा, की उत्तर ‘नाही’ आलं तरी पैसा कामी लागला असं म्हणता यावं. ‘भूतकाळात संदेश पाठवणारे यंत्र’ या मथळ्याचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतो, आणि तो बाद होणं बरोबरच आहे. तोच अर्ज असा लिहिता येतो : ‘उजवीकडची मांडणी बदलल्याने डावीकडच्या डिटेक्टरच्या एकट्या मोजणीत फरक पडतो का? पडत नसेल, तर किती टक्क्यांच्या खाली?’

याला आकडा असतो. समजा डावीकडे सेकंदाला २०,००० कण मोजले जातात. अर्धा टक्का फरक खात्रीने ओळखायचा तर चूक ०.१ टक्क्याच्या आत हवी, त्यासाठी प्रत्येक मांडणीत २० लाख मोजण्या लागतात, म्हणजे फक्त १०० सेकंद. हीच मर्यादा ०.०१ टक्क्यापर्यंत खाली न्यायची तर प्रत्येक मांडणीत ५०० कोटी मोजण्या, म्हणजे जवळपास ७० तास. अर्जात हा हिशोब असला की वाचणारा तज्ज्ञ नीट बसून वाचतो.

आणि या ७० तासांतच घोळ होतात. लेझर तापला की त्याची ताकद सरकते, आणि मांडणी ‘अ’ सकाळी नि ‘ब’ दुपारी मोजली तर तोच फरक ‘उलटा निरोप’ म्हणून दिसतो. म्हणून दर दहा सेकंदांनी मांडणी बदलायची, तीही नाण्याच्या काट-छापासारखी, क्रम न ठरवता. मांडणी बदलणारी मोटर आणि मोजणारं यंत्र एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावलं तर मोटर फिरताना तारेतून झटका जातो नि मोजणी वाढते. दोघांना वेगळी बॅटरी द्यावी. क्रमाची यादी बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे ठेवावी, मोजणी संपेपर्यंत पुतण्याने ती पाहू नये. हे त्याच्यावरच्या अविश्वासातून नाही, हवं ते दिसण्याची खोड प्रत्येक डोळ्याला असते.

सामानाबद्दल थोडं. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर, बीबीओ म्हणजे बीटा बेरियम बोरेटचा स्फटिक, त्यातून निघणारे ८१० नॅनोमीटरचे जुळे कण, ते एकेक मोजणारे दोन डिटेक्टर आणि दोन्हीकडचे टिपके एकाच वेळी आले का ते बघणारं सर्किट. यात महाग असतात ते डिटेक्टर, एकेकाची किंमत लाखांत जाते, आणि झाकण उघडं असताना खोलीतला दिवा लावला तरी ते बिघडू शकतात. बीबीओ हवेतला ओलावा ओढतो. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये तो उघडा राहिला तर पृष्ठभाग धुरकटतो, म्हणून सिलिका जेलच्या डबीतच ठेवावा. जांभळा लेझर डोळ्याला मंद वाटतो, पण ५० मिलिवॅटचा झोत डोळ्यात गेला तर पडदा जळतो. त्या रंगासाठीचा खास चष्मा लागतो, साधा गॉगल चालत नाही. ‘एकाच वेळी’ची खिडकी १० नॅनोसेकंदांची ठेवली आणि दोन्हीकडे सेकंदाला २०,००० मोजण्या असल्या, तर निव्वळ योगायोगाने सेकंदाला चार जोड्या जुळतात. त्या वजा केल्याशिवाय कुठलाही आलेख दाखवू नये.

हे सगळं पत्र्याच्या खोलीत, लाईन जाते-येते तिथे उभं करण्यात पैसा वाया जाईल. अठरा लाखांचं सामान विकत घेण्याआधी ते उसनं मिळतं का ते बघा. केंद्र सरकारचं आय-स्टेम नावाचं पोर्टल आहे, त्यावर देशभरच्या संस्थांमधली संशोधनाची यंत्रं दिसतात आणि बाहेरच्यांनाही शुल्क भरून वेळ मागता येते. नागपूरचं व्हीएनआयटी, नागपूर आणि अमरावती विद्यापीठांचे भौतिकशास्त्र विभाग, पुण्याचं आयसर, इथल्या प्राध्यापकांना दोन पानांचं टिपण आणि वरचा हिशोब पाठवा. यंत्र मागण्याआधी प्रश्न दाखवा.

सरकारी पैशाबद्दल आता. देशात संशोधनाला अनुदान देणारी मोठी संस्था म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. २०२३ च्या कायद्याने ती झाली आणि आधीचं एसईआरबी हे अनुदान मंडळ तिच्यात विलीन झालं. तिच्या प्रकल्पांना मुख्य अर्जदार मान्यताप्राप्त संस्थेत नियमित पदावर असावा लागतो. पुतण्या घरून अर्ज करू शकणार नाही. एखाद्या प्राध्यापकाच्या नावाने अर्ज गेला आणि मंजूर झाला, तर पुतण्या त्यात प्रकल्पाचा संशोधक म्हणून लागू शकतो. नेट किंवा गेट असेल तर कनिष्ठ संशोधकाला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडे असा दर आहे. म्हणजे त्याच्या प्रश्नाची आणि त्याच्या नोकरीची वाट एकच आहे, आणि ती नेट-गेटमधून जाते. हे त्याला काकाने सांगितलेलं जास्त लागेल.

राष्ट्रीय क्वांटम मिशनही ऐकलं असेल, एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालं, ६,००३.६५ कोटींचं. पण तो पैसा संगणक, संपर्क, संवेदक आणि साहित्य अशा ठरलेल्या चार विषयांच्या केंद्रांमधून वाटला जातो. संवेदक आणि मोजमापाचं केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. ‘काळाबद्दल मूलभूत प्रश्न’ म्हणून तिथे अर्ज करण्यापेक्षा ‘एकेक कण मोजण्याच्या मर्यादा’ असा कोन घ्यावा लागेल. खोटा घेऊ नका, पण वर लिहिलेला प्रश्न त्यात खरोखर बसतो.

ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या पैशाला हात लावू नका. त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो, आणि उरलेल्यातून असं सामान घेतलं तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल तो सरपंच-ग्रामसेवकाच्या अंगावर. जिल्हा वार्षिक योजनेत ‘नावीन्यपूर्ण योजना’ नावाचा एक भाग असतो. गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या वतीने, शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव जाऊ शकतो. तिथे मात्र उलटा निरोप नको, पुढे सांगतो तो प्रयोग मांडा. शाळेतल्या लेकरांसाठी इन्स्पायर-मानक ही केंद्र सरकारची योजना आहे. शाळा ऑनलाईन कल्पना पाठवते, निवड झाली तर विद्यार्थ्याला १०,००० रुपये मिळतात.

तो प्रयोग असा. काळाबद्दलचा एक चमत्कार खरा आहे, शंभर टक्के सिद्ध आहे आणि तो तुमच्या गावातल्या शाळेलाही मोजता येतो : वेगाने धावणाऱ्या वस्तूचा काळ सावकाश चालतो. आकाशातून म्युऑन नावाचे कण सतत पडत असतात, तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला शंभराच्या आसपास. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम दुप्पट, मग ते विरतात. १९६३ मध्ये फ्रिश आणि स्मिथ यांनी अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर, १,९०७ मीटरवर, ठरावीक वेगाचे म्युऑन मोजले, तासाला ५६३. खाली समुद्रसपाटीजवळ, काळ सगळ्यांचा सारखा चालत असता तर तीसही उरायला नको होते. उरले ४०८. आपल्याकडे याच जातीचं काम त्याही आधी झालं आहे. विभा चौधरी आणि देवेंद्रमोहन बोस यांनी १९४० च्या आसपास दार्जिलिंगकडच्या डोंगरांवर फोटोच्या काचा ठेवून आकाशातून येणाऱ्या कणांच्या खुणा शोधल्या. प्रयोगशाळा म्हणजे काचा, उंची आणि धीर. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी चार अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून काळातला फरक मोजला. खर्च आठ हजार डॉलर, त्यातले बहुतेक तिकिटांचे, कारण घड्याळांसाठीही जागा राखून ठेवल्या होत्या.

तुमच्याकडे चिखलदरा आहे. परतवाड्याहून घाट चढला की साधारण ७५० मीटर उंची मिळते. एवढं अंतर म्युऑन अडीच मायक्रोसेकंदांत पार करतो. काळ सारखाच चालत असता तर वरच्या शंभरांतले जेमतेम बत्तीस खाली पोचले असते. त्यांचा काळ दहापट सावकाश चालतो असं धरलं तर एकोणनव्वद पोचतात. म्हणजे चिखलदऱ्याला मोजणी दहा-बारा टक्क्यांनी जास्त यायला हवी, तिप्पट नव्हे. हिशोब ढोबळ आहे, सगळ्या म्युऑनचा वेग सारखा नसतो आणि हवेत त्यांची ऊर्जाही कमी होते, पण ‘तिप्पट की दहा टक्के’ एवढा फरक शाळेच्या यंत्रालाही चुकत नाही.

सामान : ५ × ५ × १ सेंटिमीटरच्या प्लास्टिक सिंटिलेटरच्या (कण आरपार गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या) दोन वड्या, प्रत्येकीला ती चमक टिपणारा ६ × ६ मिलिमीटरचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, मोजणी नोंदवायला आर्डुइनो नॅनो नावाचे दोन छोटे सर्किट-बोर्ड, हवेचा दाब आणि तापमान मोजणारा सेन्सर. अमेरिकेतल्या एमआयटीतून निघालेल्या कॉस्मिकवॉच या आराखड्याचं सर्किट, यादी आणि प्रोग्राम सगळ्यांना मोकळे आहेत. वड्या काळ्या इलेक्ट्रिकल टेपने तीन थरांत गुंडाळायच्या. मग अंधारात आणि टॉर्चच्या उजेडात मोजून पाहायचं, आकडा बदलला तर कुठेतरी फट आहे. दोन वड्यांच्या मध्ये ५ सेंटिमीटर जाड शिसं, म्हणजे इलेक्ट्रॉन अडतील आणि म्युऑन पार जातील. १० × १० सेंटिमीटरचा ठोकळा सुमारे पावणेसहा किलो भरतो. शिशावर टेप गुंडाळा, लेकरांना उघड्या हाताने धरू देऊ नका, काम झालं की साबणाने हात धुवा. दोन्ही वड्यांत एकाच क्षणी टिपका आला तरच तो म्युऑन धरायचा. मिनिटाला साधारण पाच-सहा मिळतील. दहा हजार मोजायला सव्वा ते दीड दिवस लागेल आणि चूक एक टक्का राहील. परतवाड्याला १०,००० आणि तेवढ्याच वेळात चिखलदऱ्याला ११,००० आले तर फरक हजाराचा आणि चूक दीडशेच्या आत. हे कुठल्याही परीक्षकापुढे टिकतं.

वीज लागते एकच वॅट. मोबाइलची पॉवर बँक लावाल तर फसाल, ओढ कमी असली की ती आपोआप बंद होते आणि रात्रभराची मोजणी जाते. फवारणी पंपाची १२ व्होल्टची ८ अँपिअर-तासांची बॅटरी आणि ५ व्होल्टचा कन्व्हर्टर लावा, दोन दिवस आरामात निघतात. मे महिन्यात करू नका. फोटोमल्टिप्लायर तापला की अंधारातही खोटे टिपके देतो आणि त्याची ताकदही बदलते, आणि परतवाड्याचं ऊन नि चिखलदऱ्याचा गारवा यातला फरकच तुम्ही म्युऑन म्हणून मोजाल. डिसेंबर-जानेवारी बरा, यंत्र दोन्हीकडे घरात, सारख्याच प्रकारच्या छताखाली. एसटीच्या धक्क्यांनी वडी आणि सेन्सरमधला जोड सुटतो आणि मोजणी गुपचूप घटते. म्हणून आधी परतवाडा, मग चिखलदरा, मग पुन्हा परतवाडा. पहिला आणि तिसरा आकडा चुकीच्या आत जुळला नाही तर मधला फेकून द्यायचा, कितीही सुंदर आला असला तरी.

हे सगळं पंचवीस-तीस हजारांत बसवायचा प्रयत्न करा. गावाची वर्गणी एवढ्यापुरतीच घ्या, बाकीच्यांना सांगा की पैसे घरीच ठेवा. पुतण्याला याचा राग येईल. पण हा प्रयोग त्याने स्वतः उभा केला, चुका शोधल्या, वही नीट ठेवली, की विद्यापीठातल्या प्राध्यापकाला दाखवायला त्याच्या हातात पदवीपेक्षा मोठी वस्तू असेल. मोठ्या प्रश्नाचा अर्ज त्या वहीसोबत गेला पाहिजे.

वर्गणीचं कायद्याचं असं. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे आणि नोंदणीकृत न्यास नसेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१-क खाली सहायक धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणेश मंडळं काढतात तीच. यवतमाळच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. बँकेत वेगळं खातं, दोन सह्या, त्यातली एक पुतण्याची नको. ‘मशीन चाललं तर दुप्पट देऊ’ असं कुणी गमतीनेही लिहून देऊ नये. परताव्याचं आश्वासन दिलं की ती वर्गणी राहत नाही, ठेव होते, आणि अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा लागू होऊ शकतो. गावचा कुणी अमेरिकेत असेल आणि तिथलं नागरिकत्व घेतलेलं असेल, तर त्याचे पैसे परदेशी देणगी ठरतात. एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ते घेऊ नका, नाव कितीही आपल्या आळीतलं असो. तो अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर ही अडचण नाही.

पावतीवर हे छापा : ‘ही रक्कम म्युऑन मोजणीच्या शालेय प्रयोगासाठी आहे. यातून कोणतेही उत्पन्न मिळणार नाही. रक्कम परत मिळणार नाही. हिशोब आणि मोजणीची वही शाळेत कुणालाही पाहता येईल.’ खाली मुख्याध्यापकांची सही. ज्याला हे वाचूनही द्यायचं असेल त्याच्याकडून घ्या. उद्याच्या भावासाठी जो देत असेल त्याचे पैसे त्याच दिवशी परत करा, आणि ते तुम्ही स्वतः त्याच्या घरी जाऊन करा, पुतण्याला पाठवू नका.